एमएसडब्ल्यूला अर्ज करताना: खानदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. तिच्या प्रवेशासाठी दरवर्षी जुलै उजाडला की तेच फोन येतात. "सर, यादीत नाव लागलं, पण जातीची व्हॅलिडिटी हातात नाही." "मुलाखतीचा मेल आला होता म्हणे, पण तो कॅफेवाल्याच्या मेलवर." "सीयूईटीची प्रवेश परीक्षा दिली, मार्क चांगले पडले, मग टिस संस्थेच्या यादीत मी का नाही?" फोन करणारी मुलं हुशार असतात. पावरी, भिली, अहिराणी घरात बोलणारी, गावाची नाडी ओळखणारी. समाजकार्याला अशीच माणसं हवीत. त्यांचं वर्ष जातं ते क्रम चुकल्यामुळे. आपल्याकडे अर्ज ही पहिली पायरी धरतात. खरं तर ती पाचवी आहे. आधीच्या चार पायऱ्या पदवीच्या शेवटच्या वर्षात, दिवाळीच्या सुमारास सुरू व्हायला हव्यात.

पुढचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत.

१. आधी कामाचं ठरवा, मग कॉलेजचं

एमएसडब्ल्यू हा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम. कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो, बीएसडब्ल्यूच हवं असं नाही. बीकॉम, बीएस्सी झालेल्यांनी मागे राहायचं कारण नाही. पदवीला किमान किती टक्के हवेत, हे संस्थेवर अवलंबून असतं. बहुतेक ठिकाणी ४५ ते ५० टक्के मागतात, राखीव प्रवर्गाला त्यात सवलत असते.

खरा प्रश्न विशेषीकरणाचा. समुदाय विकास, वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्य, कुटुंब व बालकल्याण, मनुष्यबळ व्यवस्थापन, गुन्हेगारशास्त्र व सुधार प्रशासन हे साधारण गट. प्रत्येक कॉलेजात सगळे नसतात. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक व्हायची इच्छा असेल आणि प्रवेश घेतलात तिथे वैद्यकीय गटच नसेल, तर दोन वर्षांनी जाहिरात हातात घेऊन हळहळत बसावं लागतं. ज्यांना धडगाव, अक्कलकुव्याकडे वनहक्काचं किंवा कुपोषणाचं काम करायचं आहे, त्यांनी ग्रामीण आणि आदिवासी समुदायावर भर असलेला अभ्यासक्रम शोधावा. ज्यांची नजर कारखान्यातल्या कामगार कल्याणावर आहे, त्यांची वाट वेगळी.

तपासा: कागदावर एक वाक्य लिहा: "दोन वर्षांनी मला अमुक लोकांसोबत अमुक काम करायचं आहे." ते लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका. हेच वाक्य सहाव्या आणि आठव्या टप्प्यात पुन्हा लागणार आहे.

२. तीन वाटा, तीन वेगळी वेळापत्रकं

पहिली वाट घराजवळची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. जळगावचं लोकसेवक मधुकरराव चौधरी समाजकार्य महाविद्यालय आणि अमळनेरचं पंडित जवाहरलाल नेहरू समाजकार्य महाविद्यालय ही यातली ओळखीची नावं. इथली प्रक्रिया पदवीचे निकाल लागल्यावर वेग घेते. फिल्डवर्क, म्हणजे लोकांमध्ये जाऊन करायचं क्षेत्रकार्य, आपल्याच भागात होतं आणि खर्च आवाक्यात राहतो. घराजवळ शिकणं म्हणजे कमी शिकणं, असं मी मानत नाही.

दुसरी वाट पुण्या-मुंबईची: मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. प्रत्येकाचं माहितीपत्रक, तारखा, परीक्षा किंवा मुलाखत वेगळी. एकाचं वेळापत्रक बघून दुसऱ्याचं गृहीत धरू नका.

तिसरी वाट राष्ट्रीय परीक्षेची. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. तिचं मुख्य आवार मुंबईत आहे आणि एक आवार आपल्याच राज्यात तुळजापूरला. टिसने २०२३ पासून सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा स्वीकारली. या परीक्षेचा अर्ज हिवाळ्यात, साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतो आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. आपली मुलं मार्चमध्ये विद्यापीठाच्या परीक्षेच्या तयारीला लागतात तेव्हा ही गाडी स्टेशनातून सुटलेली असते.

सावध: सीयूईटीचा अर्ज म्हणजे टिसचा अर्ज नव्हे. परीक्षेचा अर्ज ती परीक्षा घेणाऱ्या एनटीए या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर, आणि टिसची नोंदणी टिसच्या प्रवेश संकेतस्थळावर वेगळी. दुसरी राहिली तर पहिलीचे मार्क कितीही असोत, यादीत नाव येत नाही. वरचा तिसरा फोन याच चुकीचा.

नोकरी करणाऱ्यांसाठी इग्नूचं दूरस्थ एमएसडब्ल्यू आहे, पण त्यातही क्षेत्रकार्य सक्तीचं. "घरबसल्या, फिल्डवर्कशिवाय एमएसडब्ल्यू" अशी पत्रकं बसस्टँडवर चिकटवलेली दिसली तर पैसे देऊ नका. क्षेत्रकार्याशिवाय हा अभ्यासक्रमच होत नाही.

३. दाखले: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

इथे घाई चालत नाही. कोणता दाखला कधी काढायचा हे कळलं की निम्मं काम झालं.

*जात वैधता सगळ्यात आधी.* जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून मिळतो, पण प्रवेशासाठी त्याची वैधता लागते. अनुसूचित जाती, ओबीसी, विमुक्त आणि भटक्यांसाठी जिल्हा पडताळणी समिती आहे, अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती. समिती जुना पुरावा मागते, तोही वडिलांच्या बाजूचा: आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुकातला (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतला) उतारा. मानीव तारखा, म्हणजे जात आणि वास्तव्य ज्या तारखेचं धरलं जातं त्या, पाठ करून ठेवा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीची नोंद सापडली तर प्रकरणाला बळ येतं. काका किंवा चुलतभावाची वैधता झालेली असेल, तर ती प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा.

जमातीच्या प्रकरणांना किती काळ लागू शकतो, हे टोकरे कोळी आणि ठाकूर दाखल्यांच्या घरांनी जवळून पाहिलं आहे. म्हणून अर्ज दिवाळीआधी टाका, आणि प्रवेशाच्या वेळी प्रकरण प्रलंबित असेल तर समितीची पोच जपून ठेवा. पोच चालेल की नाही हे त्या वर्षीच्या नियमांवर ठरतं, पण पोचही नसेल तर बोलायलाच जागा राहत नाही.

जुन्या नोंदी बघताना एक गोष्ट हमखास सापडते. आजोबांच्या दाखल्यावर आडनाव 'भिल', वडिलांच्या दाखल्यावर 'ठाकरे', मुलाच्या दाखल्यावर 'वसावे'. मोडीतून देवनागरीत उतरवताना एखादं अक्षरही बदललेलं असतं. हा फरक समितीपुढे जाण्याआधी शपथपत्रात स्पष्ट करा. मागाहून खुलासे देत बसलं की महिने जातात.

*उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये.* हा तहसीलदारांचा, तलाठ्याच्या चौकशीवर मिळणारा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. कुणी उत्साहाने जानेवारीत काढून ठेवतं आणि जुलैत तो निरुपयोगी ठरतो. पैसे आणि हेलपाटे दोन्ही वाया.

*नॉन-क्रिमीलेयर.* घर प्रगत (क्रिमीलेयर) गटात मोडत नाही, याचं हे प्रमाणपत्र. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. ओबीसी, विमुक्त, भटक्या, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गाला लागतं. इथे टिससाठी अर्ज करणारे फार मोठ्या संख्येने चुकतात. राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र केंद्राच्या संस्थेत चालत नाही. केंद्राचा नमुना वेगळा, जातीची यादी वेगळी. केंद्राच्या यादीत विमुक्त किंवा भटके असा रकाना नाही, त्यामुळे आपल्या जातीचं नाव केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघून 'ओबीसी-एनसीएल' असा केंद्रीय नमुना सेतूतून मागा. तो चालू आर्थिक वर्षाचा हवा. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटकाचंही) तसंच.

*नावाचा मेळ.* मार्कशीटवर आडनाव पहिलं असतं, आधारवर शेवटी. कुठे 'राजेंद्र', कुठे 'राजु'. सगळं दहावीच्या मार्कशीटशी जुळवा आणि आधार दुरुस्त करायचं असेल तर आत्ताच करा. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवावी.

*बाकीचं चटकन:* वय-अधिवास, दहावी-बारावी, पदवीच्या प्रत्येक सत्राचं गुणपत्रक, शिक्षणात खंड असेल तर त्याचं शपथपत्र, आणि एबीसी आयडी (पदवीचे क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक). दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर कॉलेजकडून टीसी आणि विद्यापीठाकडून मायग्रेशन (स्थलांतर प्रमाणपत्र). मायग्रेशनचा अर्ज निकाल लागल्याबरोबर टाका.

तपासा: सगळ्या कागदांचे दोन संच झेरॉक्स करून एका पिशवीत ठेवा. मूळ कागदांचे फोटो मोबाईलवर नाही, स्कॅन करून पीडीएफमध्ये ठेवा, प्रत्येक फाइलला नाव द्या: 'उत्पन्न', 'जात', 'पदवी-सत्र-५'. अर्जाच्या दिवशी 'आयएमजी-शून्य-चार-सात' असल्या नावांत दाखला शोधताना वेळ संपतो.

४. दोन ग्रामसभा आणि एक वही

मुलाखतीत अनुभव विचारतात. शिबिरात घेतलेलं प्रमाणपत्र दाखवणं वेगळं आणि एखादी गोष्ट नीट पाहिलेली असणं वेगळं. तीन-चार महिने पुरतात.

गावच्या ग्रामसभेला बसा. २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या सभा बहुतेक गावांत ठरलेल्या असतात. कोण बोललं, कोण मागे उभं राहिलं, बाया कुठे बसल्या, ठराव आधीच लिहून आणला होता का, हे त्याच रात्री वहीत उतरवा. अंगणवाडीत एक दिवस थांबा, वजनाच्या नोंदी कशा भरतात ते सेविकेकडून समजून घ्या. नंदुरबारकडे असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला आलेल्या घराशी बोला. केळीपट्ट्यात, रावेर-यावलकडे असाल तर बागेत खोड तोडणाऱ्या मजुरांच्या रोजाचं आणि उचलीचं गणित मांडून बघा.

धडगाव तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीची अशी वही माझ्यासमोर आली होती. तिने लिहिलं होतं: "सभेत नऊ बायका. त्यातल्या आठ जणी भिंतीकडे तोंड करून बसल्या. सचिव मराठीत वाचत होते. बाया पावरीत एकमेकींना विचारत होत्या, काय म्हणतोय." या चार ओळींत तिची निम्मी मुलाखत तयार होती.

सावध: कुणाचा आजार, कुणाच्या घरातली मारहाण वहीत लिहिलीत तर नाव लिहू नका. गोपनीयता हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे, आणि तो प्रवेशाच्या आधीपासूनच पाळायचा.

५. अर्ज: स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या मेलवर

माझं स्वतःचं एक वर्ष इथेच गेलं. त्या वेळी मला मेल आयडी नव्हता. तालुक्याच्या एका कॅफेत अर्ज भरला, त्यांनी आपलाच मेल आणि नंबर टाकला. मुलाखतीचं पत्र त्या मेलवर आलं. मला कळलं तेव्हा मुलाखत होऊन बारा दिवस झाले होते. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. दिवसाला पन्नास अर्ज भरणाऱ्याकडून माझी आठवण ठेवण्याची अपेक्षा चुकीची होती. पण वर्ष गेलं ते गेलंच.

म्हणून कॅफेत जा, तिथला स्कॅनर वापरा, पण मेल आणि नंबर तुमचाच. पासवर्ड वहीत लिहा. दर दोन दिवसांनी मेल उघडा, स्पॅमचा कप्पाही बघा. घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांसोबत शेतात जात असेल, तर ओटीपीच्या वेळी तो घरी राहील अशी व्यवस्था अर्जाच्या आदल्या रात्री करा.

अर्जाचा क्रम असा ठेवा:

१) माहितीपत्रक पूर्ण वाचा. पात्रता, प्रवर्ग आणि कागदपत्रांच्या पानांवर खूण करा.
२) अर्जाचा नमुना आधी कोऱ्या कागदावर पेनाने भरा.
३) मग ऑनलाइन भरा. प्रवर्गाचा रकाना दोनदा वाचा. राज्याच्या अर्जात 'एनटी-क' (भटक्या जमातींचा एक गट) असेल ते केंद्राच्या अर्जात 'ओबीसी-एनसीएल' होईल.
४) शेवटच्या सत्राचा निकाल बाकी असेल तर 'अपिअरिंग' निवडा. अंदाजाने टक्के टाकू नका. सीजीपीएचे टक्के करायचे असतील तर विद्यापीठाचंच सूत्र वापरा.
५) परीक्षा केंद्राचा पसंतीक्रम विचार करून द्या. सकाळच्या पाळीला तळोद्याहून नाशिक गाठायचं तर आदल्या रात्रीच निघावं लागतं.
६) शुल्क भरून पावती आणि पूर्ण भरलेला अर्ज दोन्ही पीडीएफमध्ये जतन करा.

पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी खात्याचा तपशील आणि अर्जाची स्थिती बघा. दुरुस्तीसाठी काही दिवस खिडकी उघडते. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, पण तिच्या भरवशावर घाई करू नका, सगळे रकाने त्यात बदलता येत नाहीत.

सावध: शेवटच्या दिवशी सर्व्हर रखडतो आणि आपल्याकडे नेमकी वीज जाते. शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधीची तारीख हीच तुमची शेवटची तारीख धरा.

६. उद्देशपत्र

काही संस्था लेखी उद्देशपत्र मागतात, काही मुलाखतीआधी निबंध लिहायला लावतात. कुठेच मागितलं नाही तरी लिहा, कारण मुलाखतीची तयारी यातूनच होते.

नव्वद टक्के पत्रं "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे" या वाक्याने सुरू होतात, असं माझं वाचताना झालेलं मत. हे वाक्य खरं असेलही, पण त्यातून तुम्ही दिसत नाही. त्याऐवजी असं काही लिहिता येईल:

"आमच्या पाड्यातली अकरा घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे जातात. मुलं सोबत जातात, होळीला परत येतात आणि शाळेत पुन्हा पहिलीच्या बाकावर बसतात. मी या अकरा घरांतल्या मुलांची यादी केली. सतरा मुलं निघाली. त्यातल्या चौघांना शाळेने हंगामी वसतिगृहाबद्दल सांगितलं होतं, पण पालकांना त्यावर विश्वास नव्हता. तो विश्वास कसा तयार होतो, हे मला शिकायचं आहे."

इथे गाव आहे, मोजणी आहे, आणि शेवटी शिकायची इच्छा आहे. तुमच्या पत्रात तुमच्याच गावची मोजणी हवी. हा उतारा उचलून चिकटवू नका, मुलाखत घेणारे दुसऱ्याच प्रश्नात पकडतात.

पत्राचा क्रम: काय पाहिलं, त्यातलं काय कळलं नाही, हा अभ्यासक्रम आणि हे विशेषीकरणच का, पुढे कुठे काम करायचं. चारशे-पाचशे शब्द पुरे. गरिबीचं वर्णन करून दया मागू नका. घरची परिस्थिती सांगायची तर ती कामाशी जोडून सांगा: आई मजुरीला जाते म्हणून तुम्हाला मजुरीच्या दराबद्दल काय कळतं ते लिहा.

तपासा: पत्र मोठ्याने वाचा. जे वाक्य शेजारच्या गावातला कुणीही स्वतःचं म्हणून लिहू शकेल, ते काढा.

७. प्रवेश परीक्षा

स्थानिक कॉलेजात प्रवेश पदवीच्या गुणांवर आहे की परीक्षा-मुलाखतीवर, हे त्या वर्षीच्या सूचनेत बघा. सीयूईटी-पीजी संगणकावर होते. २०२५ ला ७५ प्रश्न होते, वेळ ९० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नसतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी डिसेंबरपासून रोज एक इंग्रजी संपादकीय वाचावं आणि परिभाषेची इंग्रजी-मराठी यादी करावी. आपल्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर लागतो हे टिसच्या माहितीपत्रकातून बघूनच सीयूईटीच्या अर्जात निवडा. चुकीचा पेपर दिला तर मार्कांचा उपयोग नाही. आणि माऊसवर सराव करा. मोबाईलवरच सगळं केलेल्या मुलांचा परीक्षेत हात अडखळतो.

८. गटचर्चा आणि मुलाखत

गटचर्चेत आपली मुलं गप्प बसतात, कारण पुण्या-मुंबईची मुलं झरझर बोलतात. दोनदा बोला, पण ऐकून बोला. "आत्ता ताई जे म्हणाल्या, त्याचा आमच्या भागातला अनुभव असा" अशी सुरुवात केलीत की गट थांबून ऐकतो.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: समाजसेवा आणि समाजकार्य यात फरक काय? वह्या-पुस्तकं वाटणं ही सेवा, त्यात वाईट काही नाही. समाजकार्याला प्रशिक्षण, पद्धत आणि नीतिनियम असतात आणि माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, व्यवस्थेत बदल व्हावा, याकडे ते बघतं. हे स्वतःच्या उदाहरणासह सांगा.

दोन-तीन कायदे नीट माहीत असू द्या, दहांची नावं नकोत. सातपुड्याकडच्यांनी १९९६ चा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि २००६ चा वनहक्क कायदा. बालकांसोबत काम करायचं असेल तर २०१२ चा पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा). मानसिक आरोग्याकडे वळायचं असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा.

"पावरी येते का?" असं विचारलं तर लाजू नका. पुण्याचा विद्यार्थी दोन वर्षं शिकूनही जे बोलू शकत नाही, ते तुम्ही घरातून घेऊन आला आहात. अहिराणी बोलणाऱ्यांनाही हेच लागू. म्हातारी "तू कोना पोऱ्या शे?" असं विचारते तेव्हा तिला तिच्या बोलीत उत्तर देणाऱ्यासाठी दार लवकर उघडतं.

सावध: एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, पण असं शोधेन" म्हणा. कार्यकर्त्याने खोटी माहिती देणं किती महागात पडतं, हे समोर बसलेल्यांना पक्कं ठाऊक असतं.

९. यादी लागल्यावरचे पंधरा दिवस

यादीत नाव आलं की शुल्काची मुदत आधी बघा, ती अनेकदा दोन-तीन दिवसांचीच असते. दोन ठिकाणी नाव लागलं तर एक जागा वेळेत सोडा. परताव्याचे पैसेही तारखेवर ठरतात आणि प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या मुलाला जागा मिळते.

मग महाडीबीटी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि ते खातं तुम्ही अर्जात लिहिलेलंच असेल असं नाही. एनपीसीआयकडे (आधार आणि बँकखात्याची जोडणी सांभाळणाऱ्या संस्थेकडे) शेवटचं जोडलेलं खातं कुठलं, हे बँकेत विचारा. जुनं जनधन खातं बंद पडलेलं आणि आधार मात्र त्यालाच जोडलेलं, अशी अडचण फार दिसते. जमातीच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृह आणि स्वयं योजनेसाठी (वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या) नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावल यापैकी आपल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात त्याच आठवड्यात चौकशी करावी. वसतिगृहाच्या अर्जाची तारीख कॉलेजच्या तारखेची वाट बघत नाही.

क्षेत्रकार्य बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस असतं आणि पहिल्या महिन्यातच सुरू होतं. त्यासाठी एसटीचा पास काढा, चालायला टिकतील असे बूट-चप्पल घ्या आणि चौथ्या टप्प्यातली वही सोबत न्या. पहिला अहवाल लिहायला सांगतील त्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावं लागणार नाही.